पवनऊर्जा : जमेची बाजू, खर्चाची बाजू आणि मधली भांडणं

वावटळ

पवनचक्क्यांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाला पाती फिरताना दिसली की हवामानबदलाचा प्रश्न सुटलाच असं वाटतं. दुसऱ्या तटाच्या मते हा अनुदानावर चाललेला तमाशा आहे, वारा पडला की खेळ खलास. आकडे सहसा कुणी देत नाही, आणि दिलेच तर आपल्या सोयीचे तेवढे. म्हणून हा धागा. ज्यांचा या क्षेत्राशी रोजचा संबंध आहे त्यांनी भर घालावी. ज्यांना राग आहे त्यांनी तोही काढावा, फक्त सकारण.

आधी थोडं भौतिकशास्त्र. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. सरासरी सेकंदाला ६ मीटर वाऱ्याची जागा आणि साडेसात मीटरची जागा, तिथे उभं राहणाऱ्या माणसाला फारसा फरक कळणार नाही. पण दुसऱ्या जागेच्या वाऱ्यात ऊर्जा जवळपास दुप्पट असते. सगळा धंदा या एका घनावर उभा आहे. मनोरे उंच होत गेले ते याचसाठी, कारण जमिनीपासून वर जावं तसा वारा वाढतो आणि स्थिरही होतो.

दुसरी गोष्ट, वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेताच येत नाही. सगळी काढली तर पात्यांमागची हवा जागीच थांबेल आणि मागून नवी हवा येणार नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के मिळू शकते, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय. आजची चांगली यंत्रं चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जातात. त्यामुळे 'क्रांतिकारी पवनचक्की, दसपट वीज' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरकावं.

जमेची मोठी बाजू कार्बनची. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०१४ च्या अहवालात कारखान्यापासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब धरून जे मध्यक दिलेत त्यात जमिनीवरच्या पवनऊर्जेला युनिटमागे ११ ग्रॅम, गॅसला ४९० आणि कोळशाला ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. यंत्र बनवायला लागलेली ऊर्जा ते साधारण वर्षभराच्या आत परत देतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं. शिवाय थंड करायला पाणी लागत नाही. औष्णिक केंद्रांना ते किती लागतं हे दुष्काळात कळतं.

तोट्यांबद्दल माझं मत असं, की त्यातले बरेचसे यंत्राचे नसून जागेचे आणि तारांचे असतात. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॉटचा प्रकल्प २०१७ मध्ये उभा राहिला. वारा तर तिथे जगातल्या उत्तम वाऱ्यांपैकी. पण चारशेहून अधिक किलोमीटरची पारेषण वाहिनी तयार नव्हती. वर्षभराहून जास्त काळ ही सगळी यंत्रं नुसती उभी! वीज वाहू लागली २०१८ मध्ये. यात पवनऊर्जेचा काय दोष, असं मी विचारतो. सांगा.

सरळसोट

दोष असा, की वारा नेहमी नको तिथेच असतो. माणसं राहतात तिथे वारा कमी, वारा असतो तिथे माणसं नाहीत. मग तारांचा खर्च पवनऊर्जेच्या खात्यात का नाही धरायचा? 'स्वस्त वीज, स्वस्त वीज' म्हणताना फक्त चक्कीच्या पायथ्याशी मिळणारा भाव सांगतात.

आणि मेगावॉटची ती दिशाभूल. १०० मेगावॉटचा प्रकल्प म्हणून फीत कापायची. प्रत्यक्षात वर्षाची सरासरी काढली तर तीस-पस्तीस मेगावॉट. कोळशाचं १०० आणि वाऱ्याचं १०० एका ओळीत लिहिणं ही धूळफेक आहे. शिवाय वारा पडला की पर्यायी केंद्र हवंच. म्हणजे एकाच विजेसाठी दोन कारखाने बांधा.

वावटळ

तारांचा खर्च धरलाच पाहिजे, यात वाद नाही. फक्त कोळशाच्या खात्यात रेल्वे, राख आणि फुप्फुसं धरणार असाल तर.

तारेवरची

मी भार प्रेषणाच्या कामात आहे. म्हणजे कुठलं केंद्र किती वीज देतंय आणि मागणी किती आहे याचा मेळ क्षणोक्षणी घालायचा. सरळसोट, तुमचे मुद्दे चुकीचे नाहीत, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

पहिली, सीयूएफ, म्हणजे पूर्ण क्षमतेने वर्षभर चाललं तर जेवढी वीज मिळेल त्यातली प्रत्यक्षात किती टक्के मिळते तो आकडा. जमिनीवरच्या चांगल्या जागी २५ ते ४० टक्के, समुद्रात ४० ते ५०. हा आकडा आम्हाला आधीपासून माहीत असतो, नियोजन त्यावरच होतं. फीत कापणारे काय बोलतात त्यावर ग्रिड चालत नाही. कोळशाचं केंद्रही वर्षभर शंभर टक्के चालत नाही, आणि ते बंद पडतं तेव्हा पाचशे-सहाशे मेगावॉट एका क्षणात जातात. वारा असा जात नाही. शेकडो चक्क्या पसरलेल्या असल्या की उत्पादन तासांच्या हिशेबाने उतरतं, आणि आदल्या दिवशीचा अंदाज आता बऱ्यापैकी जुळतो. आधी कळलेली घट मला चालते, अचानकची नाही.

दुसरी गोष्ट खरी दुखरी आहे. मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी अनेक दिवस वारा पडतो, आणि तोही हिवाळ्यात, ढगाळ हवेत, सौरऊर्जा नसताना. जर्मनीत याला स्वतंत्र नाव आहे, डुंकेलफ्लाउटं. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे असे पट्टे आले आणि बाजारात विजेचे भाव आभाळाला भिडले. यावर बॅटरी पुरत नाही. बॅटरी तासांचा खेळ आहे, आठवड्याचा नाही. तिथे जलविद्युत, शेजारी देशांशी जोडलेल्या वाहिन्या किंवा गॅसची केंद्रं लागतात. डेन्मार्क आपल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून काढतो, ते नॉर्वे-स्वीडनच्या धरणांशी तारा जोडलेल्या आहेत म्हणूनच. ते उदाहरण देताना तारा विसरू नका.

पण 'दोन कारखाने' या म्हणण्यात एक गल्लत आहे. दुसरा कारखाना उभा असतो, मात्र इंधन जळत नाही. कोळसा आणि गॅसच्या विजेत मोठा खर्च आणि सगळा धूर इंधनाचा असतो. वारा जितके तास आला तितके तास ते वाचलं.

सरळसोट

टेक्सास २०२१? साऊथ ऑस्ट्रेलिया २०१६? दोन्हीकडे अंधार झाला आणि दोन्हीकडे पवनचक्क्या होत्या.

तारेवरची

दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

टेक्सासला फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी पडली. काही पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ साचला, हे खरं. बर्फ रोखायची यंत्रणा बसवलेली नव्हती. ती असली तर उत्तर युरोपात, कॅनडात चक्क्या थंडीत चालतात. पण सर्वांत मोठी तूट गॅसवरच्या केंद्रांची होती. विहिरी, नळ, यंत्रं गोठली. अंधाराचं खापर एकट्या वाऱ्यावर फोडणं हा राजकारणाचा भाग झाला.

साऊथ ऑस्ट्रेलियात मात्र पवनऊर्जेकडे बोट जातं, आणि ते जायलाच हवं. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने पारेषणाचे मनोरे आडवे केले. त्यामुळे थोड्या वेळात व्होल्टेज अनेकदा खाली गेलं. पवनचक्क्यांच्या नियंत्रणात अशी एक मर्यादा घातलेली होती, की ठरावीक वेळात इतक्यांदा झटका बसला तर यंत्राने स्वतःला मागे घ्यावं. बऱ्याच चक्क्यांनी तेच केलं. मग शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार पडला, ती सुटली आणि अख्खं राज्य अंधारात. ग्रिड चालवणाऱ्यांना त्या मर्यादेची नीट कल्पनाच नव्हती. नंतर सेटिंग बदलली गेली, आणि २०१७ मध्ये तिथेच हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची बॅटरी बसली. वारंवारिता सांभाळण्यात ती फार उपयोगी पडली.

यातून पवनऊर्जेचा एक कमी बोलला जाणारा तोटा दिसतो, तो म्हणजे जडत्व. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्राचा शेकडो टनांचा रोटर ग्रिडच्या तालात फिरत असतो. कुठे बिघाड झाला की तो आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन काही सेकंद सांभाळून घेतो. आधुनिक पवनचक्की ग्रिडला इलेक्ट्रॉनिक्समधून जोडलेली असते, त्यामुळे हा आधार आपोआप मिळत नाही. तो वेगळा प्रोग्रॅम करून, बॅटरीतून किंवा सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता नुसतं ग्रिडच्या तालात फिरणारं जड यंत्र) बसवून आणावा लागतो. येतो, पण फुकट येत नाही.

पाणपाखरू

पक्ष्यांचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून मीच काढते.

इथे एक ठरलेलं उत्तर मिळतं : 'पवनचक्क्यांपेक्षा मांजरं आणि काचेच्या इमारती कितीतरी जास्त पक्षी मारतात.' आकडा खरा आहे आणि युक्तिवाद पोकळ. मांजर चिमणी मारतं, गरुड नाही. गरुड, गिधाडं, घारी उशिरा वयात येतात, वर्षाला एखाददुसरं पिल्लू वाढवतात. अशा जातीतले थोडे प्रौढ पक्षी दरवर्षी गेले तरी संख्या ढासळते. आणि हेच पक्षी वर चढणाऱ्या हवेवर तरंगायला नेमके त्याच कड्यांवर, त्याच खिंडींत येतात जिथे चक्क्या बसवायला आपल्याला आवडतं. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत १९८० च्या दशकात हजारो छोट्या चक्क्या दाटीवाटीने बसवल्या आणि सोनेरी गरुडांचा बळी जात राहिला. पुढे जुनी यंत्रं काढून कमी संख्येने मोठी बसवली.

उपाय नाहीत असं नाही. नॉर्वेच्या स्मॉला बेटावर प्रत्येक चक्कीचं तीनपैकी एक पातं काळं रंगवून पाहिलं, तेव्हा पक्षी धडकण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. प्रयोग चारच चक्क्यांवर होता, म्हणून मी लगेच नाचणार नाही. वटवाघळांच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. ती मंद वाऱ्याच्या रात्रीच जास्त उडतात. तेवढ्या वेळात यंत्र थांबवून ठेवलं तर मृत्यू निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटतात, आणि मंद वाऱ्यात वीज तरी कितीशी जाते? तो वेगाचा घन इथे वटवाघळांच्या बाजूने आहे. तरी अनेक ठिकाणी हे करत नाहीत, कारण सक्ती नाही.

वावटळ, तुमचं 'दोष जागेचा' हे म्हणणं मला पटतं, पण जागा निवडतं कोण? प्रकल्प करणाराच पर्यावरण अहवालाचे पैसे देतो.

उंच शिडी

मी देखभालीत आहे. म्हणजे तुम्ही सगळे जे खालून बघता त्याच्या आत शिरून ग्रीस लावणारा. टोकाचा वेग किती असतो माहिताय? पातं आरामात फिरतंय असं वाटतं, पण मोठ्या यंत्रात टोक सेकंदाला ८०-९० मीटरने जातं, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला पावसाचा थेंबही वाळूच्या गोळीसारखा लागतो. काही वर्षांत पात्याची पुढची कडा खरवडून निघते, हवेचा प्रवाह बिघडतो आणि उत्पादन घटतं. दोराला लटकून ती कडा भरायची, वरून पट्टी किंवा लेप लावायचा. वारा जास्त असला की काम बंद. म्हणजे कमाईच्या मोसमात दुरुस्ती नाही.

गिअरबॉक्स हे दुसरं दुखणं. रोटर मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतो, जनरेटरला हजाराच्या पुढे हवेत. मधे जो बसतो त्याचे हाल. म्हणून काही कंपन्यांनी गिअरबॉक्सच काढला आणि कायम चुंबकाचा मोठा जनरेटर लावला. मग त्या चुंबकासाठी निओडायमियम हा दुर्मिळ मृदा धातू आला, आणि अशा धातूंच्या शुद्धीकरणात चीनचा वरचष्मा आहे. एक डोकेदुखी काढली, दुसरी घेतली.

आवाजाबद्दल : तीन-चारशे मीटरवर चाळीस-पंचेचाळीस डेसिबल. आकडा लहान आहे, पण तो सतत 'सूं... सूं...' असा हेलकावत येतो आणि रात्री बाकी सगळं शांत असतं. जवळ राहणाऱ्याला त्रास होतो, यात नाटक काही नाही. इन्फ्रासाउंडने आजार होतात या म्हणण्याला मात्र प्रयोगांत आधार सापडलेला नाही. सावलीचं सोपं आहे. पात्यांची फिरती सावली घरावर पडते ते दिवस-वेळ आधी काढता येतात. जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा आहे, तेवढी झाली की यंत्र आपोआप थांबवतात.

भिरभिरं

सगळं वाचतोय, जाम आवडतंय. एक बाळबोध शंका : घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवली तर? एक मीटर व्यासाची ऑनलाइन मिळते, '१००० वॉट' लिहिलंय.

वावटळ

पैसे खिशात ठेवा.

हिशेब करू. एक मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे ०.७८५ चौरस मीटर. गच्चीवर सरासरी वारा सेकंदाला ४ मीटर धरू, वस्तीत तोही नशिबाने मिळतो. शक्ती = निम्मं × हवेची घनता १.२२५ × क्षेत्रफळ × वेगाचा घन. येतात सुमारे ३१ वॉट, आणि हे नुसतं वाऱ्यात *आहेत* म्हणून. छोटं यंत्र त्यातले चतुर्थांश काढेल, म्हणजे आठ वॉट. एक एलईडी दिवा. सरासरीभोवती वारा कमीजास्त होतो म्हणून थोडं वर जाईल, पण इमारतींमुळे वारा गिरक्या घेत येतो म्हणून पुन्हा खाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि हजार वॉट? त्या वर्तुळात ते यायला सेकंदाला तेरा मीटरच्या आसपास वारा हवा, तोसुद्धा यंत्राने शंभर टक्के काढून घेतला तर. बेट्झसाहेब वर दिलेच आहेत.

आता १५० मीटर व्यास घ्या, ८ मीटरचा वारा घ्या. वाऱ्यात साडेपाच मेगावॉट, हाती लागतात सव्वादोनच्या पुढेमागे. गच्चीवर सौर पॅनेल लावा, वारा मोठ्या यंत्रांना सोडा.

भिरभिरं

आठ वॉट 😂 समजलं. वाचवलंत.

माळरान

पाणपाखरू यांनी 'जागा कोण निवडतं' विचारलं, तिथून पुढे. पवनचक्क्यांच्या विरोधात बोलणारे सगळे अडाणी किंवा कोळसावाले, असं एक चित्र रंगवलं जातं. नॉर्वेतल्या फोसेनचं प्रकरण पाहा. तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणात पवनचक्क्या आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परवाने अवैध आहेत, सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झालाय. तोपर्यंत १५१ चक्क्या उभ्या राहून फिरत होत्या. निकालानंतरही फिरत राहिल्या! २०२३ मध्ये तरुण सामींनी ऑस्लोत मंत्रालयं अडवली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली. हरित प्रकल्प असला की विचारायची गरज नाही, असा एक माज येतो.

उलट बाजूचं उदाहरण डेन्मार्कचं. कोपनहेगनच्या बंदरासमोर मिडेलग्रुंडन नावाचा २० चक्क्यांचा प्रकल्प २००० साली झाला, त्यातली निम्मी मालकी आठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. पुढे २००९ च्या कायद्याने प्रकल्पवाल्यांना किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं. ज्याच्या खात्यात चार पैसे येतात त्याला तोच 'सूं सूं' कमी ऐकू येतो. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, माणूस असाच आहे.

सरळसोट

हा सहकाराचा मुद्दा मला आवडला, बाकीच्यांपेक्षा जास्त.

बॅटरीबद्दल तारेवरची यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मी एल हिएरोचं उदाहरण देतो, कॅनरी बेटांतलं. ११.५ मेगावॉटच्या पवनचक्क्या आणि सोबत जुन्या ज्वालामुखीच्या मुखात वरचा तलाव. वारा जास्त असला की पाणी वर चढवायचं, पडला की खाली सोडून वीज. काही वेळा सलग अनेक दिवस डिझेलशिवाय चालले, त्याच्या बातम्या जगभर झाल्या. पण वर्षाचा हिशेब धरला तर निम्म्याच्या आसपास, उरलेलं डिझेल. छोटंसं बेट, उत्तम वारा, तयार डोंगर, तरी निम्मं.

तारेवरची

बरोबर, आणि तलाव लहान पडतो हे त्याचं मुख्य कारण. पण तिथे आधी जवळपास सगळं डिझेलच होतं, तेही बोटीने येणारं. निम्मं डिझेल वाचणं तुम्हाला अपयश वाटतं, मला नाही. उरलेल्या निम्म्यासाठी 'शंभर टक्के पवनऊर्जा' अशी पाटी लावणाऱ्यांशी मात्र माझंही भांडण आहे.

पाणपाखरू

समुद्रातल्या चक्क्यांबद्दल कुणी लिहील का? तिथे माणसांचा त्रास नाही म्हणतात.

उंच शिडी

वारा जास्त आणि सलग, शेजारी कुणी नाही, आणि अजस्र पाती रस्त्याच्या वळणांवरून न्यायची कटकट नाही. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला पहिला प्रकल्प केला, ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॉट. आता तेवढी वीज एक यंत्र एकटं देऊन वर उरवतं. पाणी खोल असेल तिथे तरंगत्या बसवतात, स्कॉटलंडजवळ २०१७ पासून पाच चक्क्यांचा असा प्रकल्प चालू आहे.

पण खारी हवा सगळं खाते. जमिनीवर जी दुरुस्ती दुपारपर्यंत होते तिला तिथे बोट, लाटांचा अंदाज आणि कधी कधी आठवड्यांची वाट. शिवाय पुढच्या रांगेने वारा ओढून घेतला की मागच्या रांगेला शिळा वारा मिळतो. समुद्रात ही सावली कित्येक किलोमीटर मागे जाते, त्यामुळे शेजारी प्रकल्प आला की 'आमचा वारा चोरला' म्हणून भांडणं. आणि पातं तुटलं तर? जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत व्हाइनयार्ड विंडचं एक पातं मोडलं, नँटकेटच्या किनाऱ्यावर फायबरग्लासचे तुकडे वाहत आले. मोसमात किनारा बंद.

सरळसोट

शेवटचा प्रश्न उंच शिडी यांनाच. पंचवीस वर्षांनी हे सगळं उतरवतं कोण, आणि खर्च कुणाचा? पाती गाडून टाकतात म्हणे.

उंच शिडी

वजनाच्या ८५-९० टक्के भागाला गिऱ्हाईक असतं. मनोऱ्याचं पोलाद, तांबं, गिअरबॉक्सचं लोखंड, सगळं भंगारात चांगल्या भावाने जातं. अडकतं ते पातं. काचतंतू आणि इपॉक्सी राळ एकदा घट्ट बसले की वितळवून वेगळे होत नाहीत. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला ती कापून जमिनीत पुरली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. काही ठिकाणी भुगा करून सिमेंटच्या भट्टीत घालतात, त्यात राळ जळते आणि काच सिमेंटमध्ये मुरते. सौम्य आम्लात सुटणारी राळ वापरून केलेली पाती २०२१ पासून आली आहेत, पण उतरायला येणारी सगळी जुन्या पद्धतीची.

पायाचं सांगतो. शेकडो घनमीटर काँक्रीट असतं. सहसा वरचा मीटरभर फोडून काढतात, माती टाकतात, खालचं तसंच राहतं. वरून शेती करता येते, पण पुढे कुणी खोल खणायला गेलं तर लागणारच.

खर्चाचं म्हणाल तर करारात यंत्र उतरवण्यासाठीची अनामत रक्कम किंवा बँक हमी लिहिलेली असेल तर मालकाचा, नसेल तर जमीनवाल्याचा. पंचवीस वर्षांत प्रकल्प दोन-तीनदा विकला जातो आणि शेवटच्या मालकाकडे कधी कधी पाटीशिवाय काही नसतं. जमीन भाड्याने देणाऱ्याने दर मेगावॉटला किती मिळणार हे विचारण्याआधी ते कलम वाचावं, आणि हमीची रक्कम दर काही वर्षांनी वाढवायची अट आहे का तेही बघावं. सुरुवातीला ठरवलेली रक्कम पंचवीस वर्षांनी क्रेनच्या भाड्यालाही पुरत नाही.